आरोग्य संशोधनात सहभागींची ओळख कशी जपावी : प्रश्नावलीपासून मास्टर चार्टपर्यंत

वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंधांच्या शेवटी जोडलेले मास्टर चार्ट (प्रत्येक रुग्णाची माहिती एकेका ओळीत देणारे तक्ते) पाहिले, तर एक दोष पुन्हा पुन्हा दिसतो. नावाचा स्तंभ काढलेला असतो, परंतु आद्याक्षरे, आंतररुग्ण क्रमांक, वय, गाव आणि दाखल झाल्याची तारीख तशीच असते, आणि शेजारच्याच स्तंभात निदान असते. नाव खोडले म्हणजे गोपनीयता साधली, ही समजूत या चुकीच्या मुळाशी आहे. दुसरी चूक क्रमाची आहे. ओळख लपवण्याचे काम बहुतेक जण लेखनाच्या वेळी हाती घेतात. प्रत्यक्षात त्यातील महत्त्वाचे निर्णय पहिली प्रश्नावली छापण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

हा लेख प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, आरोग्य सर्वेक्षण करणाऱ्या संस्था आणि त्यांच्यासाठी गावपातळीवर माहिती गोळा करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील काही पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी एक काल्पनिक सर्वेक्षण घेतले आहे. या आजाराची माहिती एका व्यक्तीपुरती राहत नाही आणि ती फुटली तर लग्न जुळण्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे गोपनीयतेतील बहुतेक अडचणी या एकाच उदाहरणात भेटतात.

टप्पा १ : प्रश्नावलीतून अनावश्यक माहिती आधीच काढा

जी माहिती घेतलीच नाही, ती हरवत नाही आणि फुटतही नाही. प्रश्नावलीचा मसुदा समोर ठेवून प्रत्येक प्रश्नापुढे, तो अंतिम विश्लेषणातील कोणत्या तक्त्यात जाणार आहे, हे लिहा. ज्या प्रश्नापुढे काहीच लिहिता येत नाही, तो काढून टाका. ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ हे कारण पुरेसे नाही.

जन्मतारखेऐवजी पूर्ण झालेली वर्षे पुरतात. लहान बालकांसाठी महिने घ्यावेत. आधार क्रमांकाची संशोधनाला जवळजवळ कधीच गरज नसते, म्हणून तो मागू नये. मोबाइल क्रमांक पुन्हा संपर्क करायचा असेल तरच घ्यावा, आणि तोही प्रश्नावलीवर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहावा. मोबाइलवरील ॲपमधून सर्वेक्षण करत असाल, तर घराचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदवले जात आहेत का, हे पाहा. घरापासून आरोग्य केंद्राचे अंतर हवे असेल, तर अंतराचा आकडा ठेवून स्थानाचे आकडे काढून टाकता येतात.

*तपासणी :* एक भरलेली नमुना प्रश्नावली त्या भागातील आशा कार्यकर्तीला दाखवा. ती पाहून त्यांनी कोणाचे नाव ओळखले, तर प्रश्नावलीत अजून छाटणी हवी. हा नमुना काल्पनिक उत्तरांचा असावा, खऱ्या व्यक्तीचा नव्हे.

टप्पा २ : नीतिमत्ता समितीकडे जाण्यापूर्वी गोपनीयतेची योजना लिहून काढा

‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ हे एक वाक्य म्हणजे योजना नव्हे. कोणती माहिती, कोणाच्या हाती, कोणत्या कपाटात किंवा संगणकावर, किती काळ आणि शेवटी तिचे काय करणार, हे एका पानावर लिहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हा आपल्याकडील मूळ आधार आहे, आणि संशोधनाला मंजुरी देणारी नीतिमत्ता समिती प्रस्ताव त्याच कसोटीवर तपासते.

त्याशिवाय विषयानुसार कायदे लागू होतात. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार बाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास, कायद्यातील मोजके अपवाद वगळता, मनाई आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या सुधारणेने स्त्रीची ओळख उघड करण्यास स्पष्ट प्रतिबंध आला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात संशोधनासाठी सवलत आहे, परंतु ती सशर्त आहे : त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानकांचे पालन व्हावे. ‘संशोधनाला हा कायदा लागूच नाही’ असे अनेक ठिकाणी ऐकू येते. ते चुकीचे आहे.

*इशारा :* जुन्या केसपेपरवरून अभ्यास करायचा असेल आणि प्रत्येक रुग्णाची संमती मिळवणे शक्य नसेल, तर संमतीतून सूट देण्याचा अधिकार समितीचा आहे. ती सूट संशोधकाने, विभागप्रमुखांनी किंवा अभिलेख कक्षातील कर्मचाऱ्यांनी परस्पर घ्यायची नसते.

टप्पा ३ : संमतीपत्रात पाळता येईल तेवढेच वचन द्या

‘तुमची माहिती कोणालाही कळणार नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक संमतीपत्रात असते आणि ते बहुधा खोटे ठरते. नीतिमत्ता समितीला कागदपत्रे तपासण्याचा अधिकार असतो. क्षयरोगाचे निदान झाले तर २०१२ पासून ते शासनाला कळवणे बंधनकारक आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार ते कळवावेच लागते आणि न कळवणे हा गुन्हा आहे. हे सर्व सहभागीने बोलायला सुरुवात करण्यापूर्वी सांगायचे असते. नंतर सांगणे म्हणजे विश्वासघात होय.

संमतीपत्रातील मजकूर साधारण असा असावा :

“तुमचे नाव आम्ही वेगळ्या यादीत लिहून कुलपात ठेवू. तुमच्या उत्तरांच्या कागदावर फक्त क्रमांक असेल. कोणता क्रमांक कोणाचा, हे मुख्य संशोधक आणि त्यांनी नेमलेली एक व्यक्ती यांनाच पाहता येईल. गरज पडल्यास नीतिमत्ता समिती कागद तपासू शकते. कायद्याने कळवणे बंधनकारक असलेली गोष्ट आढळली, तर आम्हाला ती कळवावी लागेल. शक्य असेल तेव्हा आधी तुम्हाला सांगू. अहवालात तुमचे नाव, पाडा किंवा तुम्हाला ओळखता येईल असा तपशील येणार नाही.”

माहिती पुढे दुसऱ्या संशोधकांना देण्याचा विचार असेल, तर त्यासाठी वेगळे वाक्य आणि होय-नाही असे वेगळे उत्तर ठेवा. माघार कधीपर्यंत घेता येईल हेही लिहा, कारण नावांची यादी नष्ट झाल्यावर एकट्याची उत्तरे शोधून काढता येत नाहीत.

मजकूर सहभागीच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरी किंवा भिली बोलणाऱ्यांना छापील प्रमाण मराठीतील कागद वाचून दाखवल्याने संमतीची केवळ औपचारिकता पूर्ण होते. अंगठा घेताना निष्पक्ष साक्षीदार हवा. तो संशोधन चमूतील नसावा. मात्र गोपनीय उत्तरे देण्याच्या वेळी हा साक्षीदार तिथे थांबू नये. सात वर्षांवरील मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर मुलाची सहमतीही घ्यावी : बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी.

टप्पा ४ : संकेतांक द्या आणि नावांची यादी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा

संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि नेमका तोच घाईने उरकला जातो.

१. सर्वेक्षणापूर्वी संकेतांकांची यादी तयार करा. क्रमांक यादृच्छिक असावेत. गावानुसार किंवा भेटीच्या क्रमाने दिलेले नसावेत. ‘धडगाव-०१, धडगाव-०२’ असा क्रम दिला, तर कोणत्या घरापासून सुरुवात झाली हे माहीत असलेला कोणीही घरे मोजत उत्तरापर्यंत पोहोचतो.

२. प्रश्नावलीच्या प्रत्येक पानावर संकेतांक आधीच छापून घ्या. नाव लिहायला जागाच ठेवू नका. जागा दिसली की ती भरली जाते.

३. नाव आणि संकेतांक यांची जोडणी दाखवणारी यादी वेगळी ठेवा. यापुढे तिला ‘चावी’ म्हणू. प्रश्नावल्या एका कपाटात असतील, तर चावी दुसऱ्या खोलीतील कपाटात हवी. संगणकावर असेल, तर वेगळ्या, पासवर्डने कूटबद्ध केलेल्या फाइलमध्ये हवी. एकाच एक्सेल फाइलच्या दोन शीटवर दोन्ही ठेवणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे.

४. संमतीपत्रावर नाव आणि सही असते. त्यावर संकेतांकही लिहिला, की ते संमतीपत्रच चावी बनते. मग त्याला चावीसारखेच जपा. प्रश्नावलीला टाचून ठेवू नका. टाचणीने एकत्र केलेले असे गठ्ठे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहेत, की कागद वेगळे करण्याची ही एक सवय लागली तरी फार मोठा फरक पडेल असे मला वाटते.

*इशारा :* आंतररुग्ण क्रमांक, आद्याक्षरे अधिक जन्मवर्ष, किंवा मोबाइलचे शेवटचे चार अंक हे संकेतांक म्हणून वापरू नका. मोबाइल क्रमांकावर हॅशची (ठरलेल्या सूत्राने निरर्थक दिसणाऱ्या अक्षरांत रूपांतर करण्याची) प्रक्रिया करून मिळालेली अक्षरमालाही सुरक्षित नसते. भारतात मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि तो ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. त्या सर्वांवर तीच प्रक्रिया करून जुळणी शोधणे हे साध्या संगणकालाही अवघड नाही.

टप्पा ५ : मुलाखतीची जागा आणि संपर्काची रीत ठरवा

कागद कितीही जपला, तरी उत्तर ओसरीवर सर्वांसमोर घेतले तर उपयोग नाही. सासू, नवरा किंवा शेजारी जवळ असताना संवेदनशील प्रश्न विचारू नयेत. त्यासाठी प्रश्नावलीचे दोन भाग करून दुसरा भाग अंगणवाडीच्या किंवा उपकेंद्राच्या खोलीत घेता येतो. आशा किंवा अंगणवाडी सेविका घर दाखवायला सोबत येतात, आणि त्यांच्याशिवाय काम होत नाही हे खरे. परंतु त्या त्याच गावात राहतात, म्हणून प्रश्न सुरू होण्यापूर्वी त्यांना विनंती करून बाहेर थांबवावे. हे प्रशिक्षणातच सांगितले, तर कोणाला अपमान वाटत नाही.

फक्त बाधितांच्याच घरी चमू गेला, तर चमूची गाडी दारात थांबणे हेच निदान जाहीर करणे ठरते. शक्य असेल तिथे बाधित नसलेल्या काही घरांनाही भेट द्यावी. फोन केल्यावर दुसऱ्या कोणी उचलला, तर आजाराचे किंवा अभ्यासाचे नाव घेऊ नये. निरोप काय ठेवायचा आणि कोणाकडे ठेवायचा, हे संमती घेतानाच विचारून ठेवावे.

टप्पा ६ : साठवण, टंकलेखन आणि संख्याशास्त्रज्ञ

माहिती बहुतेक वेळा चोरीला जात नाही; ती सोयीपोटी पाठवली जाते. केसपेपरचा मोबाइलवर काढलेला फोटो आपोआप ऑनलाइन साठ्यात जातो आणि कधीकधी घरच्यांशी सामायिक केलेल्या अल्बममध्येही दिसतो. चमूच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेली यादी गटातील प्रत्येकाच्या फोनवर उतरते, आणि गट सोडलेल्या सदस्याच्या फोनमधून ती काढून घेता येत नाही. म्हणून नाव दिसेल असा कोणताही कागद गटावर टाकायचा नाही, हा नियम लेखी द्या आणि त्यावर सर्वांच्या सह्या घ्या.

टंकलेखनासाठी बाहेरच्या केंद्राकडे कागद द्यायचे असतील, तर फक्त संकेतांक असलेले द्या. काम झाल्यावर तिथल्या संगणकावरची प्रत पुसून घ्या. विश्लेषण करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला नावांची गरज नसते, त्यामुळे चावीची फाइल त्यांच्याकडे कधीही जाऊ नये. कागद एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना किती निघाले आणि किती पोहोचले, याची नोंद ठेवा.

टप्पा ७ : अप्रत्यक्ष ओळखी शोधा आणि बोथट करा

नाव, पत्ता, फोन या थेट ओळखी होत. त्या काढल्यावर वय, लिंग, पाडा, शिक्षण, व्यवसाय, मुलांची संख्या असे स्तंभ उरतात. यांपैकी एकट्याने कोणताही स्तंभ निरुपद्रवी वाटतो, पण एकत्र आले की ते बोट दाखवतात. तीनशे वस्तीच्या पाड्यावर ‘३४ वर्षांची, बारावी शिकलेली, एकच मूल असलेली स्त्री’ म्हटले की गावातल्या कोणालाही नाव विचारावे लागत नाही.

अमेरिकेत १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. लटान्या स्वीनी या संशोधक विद्यार्थिनीने त्या नोंदी केंब्रिज शहराच्या मतदार यादीशी जुळवल्या आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड यांवरून तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. आपल्याकडील मतदार यादीत नाव, वय, लिंग, नातेवाइकाचे नाव आणि घर क्रमांक असतो, आणि ती मतदान केंद्रनिहाय उपलब्ध असते. म्हणजे जुळवणी करण्यासाठी लागणारी दुसरी यादी येथेही तयारच आहे.

काम पुढील क्रमाने करा :

१. फाइलची प्रत घ्या. मूळ फाइलला हात लावू नका.

२. बाहेरच्या माणसाला माहीत असू शकतील अशा स्तंभांची यादी करा. आजाराचे निदान हा संवेदनशील स्तंभ आहे. तो या यादीत घेऊ नका.

३. एक्सेलमध्ये नवा स्तंभ घेऊन त्यात हे सर्व स्तंभ जोडा. प्रत्येक ओळीत ‘पाडा–वय–लिंग–शिक्षण’ अशी एक साखळी तयार होईल.

४. शेजारच्या स्तंभात काउंटइफ सूत्राने प्रत्येक साखळी किती वेळा आली हे मोजा. जिथे १ आला, ती व्यक्ती फाइलमध्ये एकमेव आहे.

५. आता तपशील बोथट करा. वयाचे पाच किंवा दहा वर्षांचे गट करा, पाड्याऐवजी तालुका लिहा, शिक्षणाचे तीनच गट ठेवा, दुर्मीळ व्यवसाय ‘इतर’मध्ये टाका. पुन्हा मोजा. प्रत्येक साखळी किमान पाच वेळा येईपर्यंत हे करत राहा. जी ओळ तरीही उरते, तिच्यातील एखादे मूल्य रिकामे ठेवा.

आकडा पाचच का, याचे उत्तर विषयावर अवलंबून आहे. एचआयव्ही किंवा गर्भपाताविषयी माहिती असेल, तर मी दहाचा आग्रह धरेन.

*तपासणी :* गट मोठा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. समजा, एका साखळीत सहा जण आहेत आणि सहाही जण सिकलसेलचे वाहक (दोषयुक्त जनुक असलेले, पण स्वतः आजारी नसलेले) आहेत. मग त्यांतला नेमका कोण हे कळण्याची गरजच नाही. त्या गटातील प्रत्येकाचे निदान उघड झाले. संवेदनशील स्तंभात प्रत्येक गटामध्ये किमान दोन वेगवेगळी उत्तरे आहेत का, हे पाहा.

आनुवंशिक आजारात आणखी एक पेच असतो. मुलाला सिकलसेल आजार आहे हे लिहिले, की आई आणि वडील दोघांकडेही दोषयुक्त जनुक असण्याची शक्यता वाचकाला आपोआप कळते, मग त्यांनी संमती दिलेली असो वा नसो. कुटुंबातील सर्वांचे निकाल एकत्र ठेवले, तर जैविक पितृत्वाविषयीही काही गोष्टी उघड होऊ शकतात, ज्या शोधणे हा अभ्यासाचा हेतूच नव्हता. म्हणून कुटुंब क्रमांकाचा स्तंभ इतरांना देण्याच्या फाइलमध्ये ठेवू नये, आणि प्रत्येकाचा निकाल त्याला एकट्यालाच द्यावा.

तक्त्यांनाही हेच लागू आहे. समजा, एका गावात एकूण ११ वाहक आढळले, त्यांत स्त्रिया ८ आणि पुरुष ३. पुरुषांचा लहान आकडा झाकला, पण एकूण आणि स्त्रियांचा आकडा छापला, तर वजाबाकीने तो लगेच मिळतो. एक रकाना झाकला, की दुसराही झाकावा लागतो, किंवा दोन गावे एकत्र करून तक्ता करावा लागतो.

टप्पा ८ : फाइलच्या आत राहिलेले धागे काढा

लपवलेले स्तंभ पुसलेले नसतात. कोणीही ते पुन्हा उघडू शकतो. पिव्होट टेबलच्या (एक्सेलमधील सारांश तक्त्याच्या) आत मूळ माहिती साठलेली राहू शकते. वर्ड फाइलमध्ये जुने बदल आणि टिपा राहतात. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली, तरी खालचा मजकूर निवडून कॉपी करता येऊ शकतो. मोबाइलच्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण आणि वेळ असते. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या डायकॉम फाइलमध्ये रुग्णाचे नाव आतील नोंदीत असते आणि कधी थेट चित्रावरही छापलेले असते. म्हणून देण्याची फाइल नव्याने तयार करावी : हवे तेवढेच स्तंभ केवळ मूल्यांच्या स्वरूपात नव्या फाइलमध्ये चिकटवावेत आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

टप्पा ९ : प्रबंध, शोधनिबंध आणि रुग्णवृत्तांत

मास्टर चार्टमध्ये टप्पा ७ मधील बोथट केलेली फाइलच जोडावी, मूळ नव्हे. आंतररुग्ण क्रमांकाचा आग्रह विभागाकडून झाला, तर तो असलेली प्रत तपासणीसाठी विभागात ठेवण्याची लेखी विनंती करावी आणि ग्रंथालयात जाणाऱ्या प्रतीत तो येऊ देऊ नये.

एकाच रुग्णाविषयीचा वृत्तांत लिहिताना प्रकाशनासाठी वेगळी लेखी संमती घ्यावी. उपचाराची किंवा अभ्यासाची संमती त्यासाठी चालत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी लावल्याने ओळख लपत नाही. गोंदण, जखमेची खूण, दागिने, अंगावरचा गणवेश यांवरूनही माणूस ओळखू येतो. मुलाखतीतील उद्गार देताना ‘सरपंचांची सून’ किंवा ‘पाड्यावरची एकमेव परिचारिका’ अशी वर्णने टाळावीत. परंतु तपशील बदलून वाचकाची दिशाभूल करू नये. वय बदलण्यापेक्षा वयोगट लिहिणे प्रामाणिक असते.

टप्पा १० : माहिती फुटली तर, आणि काम संपल्यावर

फोन हरवला किंवा यादी चुकीच्या पत्त्यावर गेली, तर त्याच दिवशी मुख्य संशोधकांना कळवावे, त्यांनी नीतिमत्ता समितीला लेखी कळवावे, आणि ज्यांची माहिती त्यात होती त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे. लपवण्यात गेलेल्या वेळेत नुकसान वाढते. कार्यकर्त्याला शिक्षेची भीती वाटली तर तो सांगणारच नाही, म्हणून कळवणाऱ्याला दोष न देण्याचे धोरण आधीच जाहीर करावे.

कागद किती वर्षे ठेवायचे, हे समितीच्या मंजुरीपत्रात पाहावे. ती मुदत संपल्यावर आधी चावी नष्ट करावी : कागद यंत्राने बारीक कापावेत, रद्दीत देऊ नयेत, संगणकावरील फाइल ई-मेल, पेनड्राइव्ह आणि ऑनलाइन साठा या सर्व ठिकाणांहून काढावी. कोणत्या तारखेला, कोणी, काय नष्ट केले, याची एक पानी नोंद दोन सह्यांनिशी समितीकडे द्यावी.